यंत्राची नजर आणि मज्जातंतूंचे दुखणे

विहिरीवरचा पंप धड आहे, खांबावर वीजही आहे, पण पंप मध्येच चालतो, मध्येच बंद पडतो, असे कधी कधी होते. शोधत गेले तर कळते, की मधल्या वायरीवरचे वेष्टण उंदराने जागोजाग कुरतडले आहे. 'मल्टिपल स्क्लेरोसिस' या लांबलचक नावाच्या रोगात शरीरात असेच काहीसे घडते. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात एम. एस. म्हणतात, आपणही तसेच म्हणू.

मेंदूतून हातापायांना, डोळ्यांना निरोप नेणारे जे तंतू आहेत, त्यांच्यावर मायलिन नावाचे चरबीयुक्त वेष्टण असते. रोगजंतूंशी लढणारी शरीराची स्वतःची फौजच चुकून या वेष्टणावर उलटते. मग एखाद्या डोळ्याला धूसर दिसू लागते, पायाला मुंग्या येतात, तोल जातो, आणि थकवा तर असा, की झोप काढूनही उतरत नाही. उकाडा वाढला की त्रास वाढतो, आणि आपल्या कोकणात उकाड्याला काय तोटा! रोग बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळतो. आपल्याकडे तो विरळा आहे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हेही सांगून ठेवतो.

याची मोठी खोड अशी, की पहिला झटका पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. मग त्या वेळी जे चालू असेल, गोळी म्हणा, मालीश म्हणा, अंगारा म्हणा, त्याला यश मिळते. वर्षा-दोन वर्षांनी दुसरा झटका येतो, तेव्हा पहिल्याची कोणाला आठवणही नसते. दरम्यान कॉलेजातल्या मुलीला 'आळशी' आणि नव्या सुनेला 'कामचुकार' ही पदवी मिळून गेलेली असते.

पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरने १८६८ साली या रोगाचे रीतसर वर्णन केले. आजही एका रक्ततपासणीने तो ठरत नाही. २००१ साली तज्ज्ञांनी निदानाचे जे नियम घातले आणि पुढे वेळोवेळी सुधारले, त्यांचे मूळ सार असे होते: मेंदूत वा मज्जारज्जूत एकाहून अधिक ठिकाणी इजा दिसावी, आणि रोग एकाच तडाख्याचा नाही याची खूण पटावी. ही इजा एम. आर. आय. यंत्राच्या चित्रांत ठिपक्यांसारखी दिसते. निदानानंतरही औषध लागू पडते की नाही, हे पाहायला जुने चित्र आणि नवे चित्र शेजारी ठेवावे लागते.

इथेच कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला येते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात नवा पोऱ्या डोळ्यांची आखणी कशी शिकतो? पुस्तक वाचून नव्हे, शेकडो मूर्ती पाहून. संगणकालाही तसेच हजारो चित्रे दाखवतात. त्यांत कुठे इजा आहे हे जाणत्या डॉक्टरांनी आधी आखून दिलेले असते. पाहता पाहता यंत्राची नजर बसते. मग एका रुग्णाची दोन वर्षांतली चित्रे ते एकावर एक तंतोतंत बसवते आणि दोन-चार मिलिमीटरचा नवा ठिपका दाखवून देते. दिवसभर चित्रे पाहून शिणलेल्या माणसाच्या डोळ्याला तो निसटू शकतो. अर्थ मात्र डॉक्टरनेच लावायचा.

दुसरा उपयोग वेळेचा. त्या यंत्रात अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहणे आखडलेल्या पायांच्या माणसाला फार जड जाते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयाने आणि फेसबुकने २०१८ साली मिळून यावर काम सुरू केले. २०२० साली त्यांनी गुडघ्याच्या चित्रांवर दाखवले, की सुमारे चौथाई माहिती घेऊन उरलेले चित्र संगणकाने पुरे केले तरी तज्ज्ञांना ते नेहमीच्या चित्राइतकेच उपयोगी पडते.

आता खरी अडचण सांगतो. या यंत्रांची शिकवणी बव्हंशी युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांच्या चित्रांवर झालेली आहे. आपल्याकडे एम. एस.सारखेच सोंग घेणारे दुसरे आजार आहेत. मेंदूचा क्षय आहे. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा आजार आहे, तो डोळ्याची शीर आणि मज्जारज्जू धरतो. २००४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी जपानी सहकाऱ्यांसह त्याची रक्तातली खूण शोधून काढली, तेव्हा कुठे दोन्ही आजार नीट वेगळे करता येऊ लागले. एम. एस.ची काही औषधे या दुसऱ्या आजारात अपाय करतात. म्हणजे चूक झाली तर ती कागदावर राहत नाही, रुग्णाच्या डोळ्यांवर बेतते. शाडू पाहून शिकलेल्या पोऱ्याच्या हाती एकदम लाकूड द्यावे, तसा हा प्रकार. आपल्या इस्पितळांतली चित्रे, रुग्णांची संमती घेऊन आणि नावे झाकून, या शिकवणीत गेली पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर पेण-रोह्याच्या माणसाने काय करायचे? पनवेल-मुंबईला जाऊन एम. आर. आय. काढला, तर नुसत्या फिल्मवर समाधान मानू नका. चित्रांची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या, त्यावर तारीख घाला आणि रेशनकार्डाजवळ जपून ठेवा. संगणकाला तुलना करायला हीच चित्रे लागतात, आणि जुने चित्र हरवले तर कितीही हुशार यंत्र आंधळेच. झटका कधी आला, किती दिवस टिकला, हे वहीत लिहा.

मोबाइलवर प्रश्नांना उत्तरे देणारे कार्यक्रम आता मराठीतही बोलतात. डॉक्टरला काय विचारावे, याची यादी करायला ते बरे आहेत. पण ते चुकीची गोष्टही ठासून सांगतात, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून औषध सुरू वा बंद करू नका.

शिक्षकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एम. एस.चा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणून ठरलेल्या मर्यादेइतके अपंगत्व असेल तर दाखला मिळू शकतो आणि परीक्षेत सवलत मागता येते. या रुग्णांसाठी १९८५ पासून मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आहे. आणि हात कापत असल्याने ज्या विद्यार्थ्याला लिहिता येत नाही, त्याला मोबाइलपुढे मराठीत बोलायला सांगा. बोललेले तो लिहून देतो. 'ळ' आणि 'ल'चा घोळ कधी कधी होतो, तेवढा तुम्ही लाल शाईने दुरुस्त करा.