जुनी बुलेट लडाखला नेताय? आधी कार्बोरेटर समजून घ्या

लेह समुद्रसपाटीपासून साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब तिथे खालच्या जेमतेम दोन तृतीयांश. कार्बोरेटरला हे आपोआप उमगत नाही. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला १४.७ ग्रॅमच्या आसपास हवा लागते. ती कमी पडते, मिश्रण रिच होतं. मग पिकअप जातो, सायलेन्सर काळा धूर ओकतो आणि प्लग काजळीने माखतो.

पहिला उपाय एअर स्क्रू. इंजिन चांगलं गरम होऊ द्या, आयडलिंग थोडं चढं ठेवा. आता स्क्रू पाव-पाव आटा उघडत कान देऊन ऐका. आवाज चढत जाईल आणि एका जागेनंतर अडखळायला लागेल. जिथे सर्वात चढा आणि एकसारखा होता, तिथे परत या. मग आयडलिंग खाली आणा. स्क्रू बंद करताना आवळू नका, टोक खराब होतं.

पण हा स्क्रू फक्त आयडलिंग आणि थोड्या थ्रॉटलपुरता. मधल्या थ्रॉटलला निडलची क्लिप एक खाच वर, फुल थ्रॉटलला एक नंबर लहान मेन जेट. एअर फिल्टर काढून गाडी पळवण्याचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका; तिथली धूळ बोअर खाते.

हरवलेली ताकद पूर्ण परत येत नाही, ऑक्सिजनच कमी असतो. आणि मनालीला उतरलात की सेटिंग पूर्ववत कराच. लीन मिश्रणावर सपाटीला गाडी ताणली तर पिस्टन जाम होऊ शकतो.