निवृत्तांची वेगळी पंगत

बँक निवृत्तांच्या समूह आरोग्य विम्याला 1 नोव्हेंबर 2025 रोजी दहा वर्षं पूर्ण झाली. त्याच्या काही आठवडे आधीची बातमी अजून मनातून जात नाही. 22 सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आला, पण समूह विमा या सवलतीतून वगळला गेला. ज्यांना उतारवयात परवडणारा विमा दुसरीकडे मिळत नाही, नेमके तेच या समूहात आहेत.

1969 च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर कितीतरी वर्षं निवृत्तांच्या औषधपाण्याचा विषय कुणी फारसा काढला नाही. 1993 च्या करारानं पेन्शन दिलं, त्याच समाधानात सगळे राहिले. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस ही आरोग्य योजना होती. आमच्याकडे बँकांत मात्र नोकरीत असेपर्यंत हॉस्पिटलच्या बिलाचा भार बँक उचलायची आणि निवृत्तीनंतर बहुतेकांना आपलं आपण बघावं लागायचं.

25 मे 2015 ला बँका आणि कर्मचारी संघटनांमध्ये दहावा द्विपक्षीय वेतन करार झाला आणि चित्र बदललं. अधिकाऱ्यांना चार लाखांचं, कर्मचाऱ्यांना तीन लाखांचं कुटुंबासह संरक्षण. आधीचे आजार धरून, वैद्यकीय तपासणीशिवाय. निवृत्तांनाही तेच, फक्त प्रीमियम स्वतःच्या खिशातून. पहिल्या वर्षी तो करासह अनुक्रमे 7,493 आणि 5,620 रुपये होता. शिवाय डोमिसिलरी होती, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्चही मिळत होता. बीपी-शुगरच्या गोळ्यांची बिलं तारखेवार कागदावर चिकटवायची, वर डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची, फॉर्म भरून टीपीएकडे, म्हणजे क्लेम हाताळणाऱ्या कंपनीकडे, पाठवायचा. पैसे खात्यात जमा झाले की म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, असा धीर यायचा. तो धीर खरा होता, म्हणून त्याचं जाणं अधिक लागलं.

कारण पुढे निवृत्तांचा हिशेब वेगळा मांडला गेला. विमा चालतो तो धडधाकट माणसांच्या प्रीमियमवर आजारी माणसांचा खर्च भागतो म्हणून. तिशीतला क्लार्क आणि पंचाहत्तरीतला मॅनेजर एका पंगतीत बसले तरच ताटं पुरतात. निवृत्तांना वेगळं बसवल्यावर क्लेम वाढणार आणि क्लेमपाठोपाठ प्रीमियम वाढणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. करारावर सह्या करणाऱ्या आमच्या नेत्यांना हे कळत नव्हतं, असं मी मानत नाही. त्यांनी नोकरीतल्या सभासदांचा प्रीमियम बँकेकडून मिळवला आणि वर्गणी भरून, संपात पगार कापून घेऊन ज्यांनी संघटना उभ्या केल्या त्यांना वाऱ्यावर सोडलं. हा राग मी दहा वर्षं बाळगून आहे.

प्रीमियम काही वर्षांतच कितीतरी पटींनी वाढला. डोमिसिलरीसाठी वेगळा, जास्तीचा प्रीमियम लागू लागला, तेव्हा अनेकांनी ती सोडून दिली. बेसिक पेन्शन मात्र निवृत्तीच्या दिवशी ठरलं ते ठरलं. वाढतो फक्त महागाई भत्ता. माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नी नूतनीकरणाचं संमतिपत्र घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. फॅमिली पेन्शनचा आकडा आणि प्रीमियमचा आकडा त्यांनी कागदावर शेजारी शेजारी लिहिला होता. ‘भाऊ, हे भरलं तर घरात काय खायचं?’ म्हणाल्या आणि संमतिपत्र कोरंच घेऊन गेल्या.

या काळात देशात आरोग्य विम्याच्या सुधारणा झाल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण मिळालं. जानेवारी 2025 मध्ये विमा नियामकानं ज्येष्ठांच्या प्रीमियमची मनमानी वाढ वर्षाला दहा टक्क्यांवर रोखली. दोन्ही पावलं चांगली आहेत. पण आयुष्मानच्या यादीत आपलं नेहमीचं हॉस्पिटल असेलच असं नाही, आणि पासष्टीतल्या माणसाला त्या कार्डासाठी थांबावं लागतं. नियामकाचा दिलासाही वैयक्तिक पॉलिसी घेतलेल्यांसाठी; आमच्यासारख्या समूहातल्यांना त्याचा आधार नाही.

निवृत्तांवर उपकार करा, असं मी म्हणत नाही. आयुष्यभराच्या नोकरीत आरोग्याची हमी हा पगाराचाच भाग होता. त्यातला निवृत्तीनंतरचा हप्ता बँकांकडे थकलेला आहे. नोकरीतले आणि निवृत्त यांचा विमा एकत्र करावा, निवृत्तांचा मूळ प्रीमियम बँकेनं भरावा आणि त्यावर कर नसावा. पुढच्या वेतन कराराच्या मागणीपत्रात हे तिन्ही मुद्दे पहिल्या पानावर हवेत. आज सह्या करणारेही उद्या निवृत्त होणार आहेत.