बांधाची ताकद उघाडीत

शिवडीच्या किल्ल्यावरून पूर्वेकडे पाहिलं की खाली गोदामं, वखारी, रेल्वेचे रूळ दिसतात आणि त्यांच्या पलीकडे ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची विस्तीर्ण पट्टी, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. गोदामांखालची बरीचशी सपाट जमीन मुळात समुद्राची. मुंबई पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडी किनाऱ्याला भराव घालून १९१२ पर्यंत ५८३ एकर जमीन मिळवली. पश्चिमेला वरळीची खिंड त्याआधीच, अठराव्या शतकाच्या अखेरीस, हॉर्नबी वेलार्ड या बांधाने बुजवली होती. बांधाने केवढी जमीन मिळते हे मुंबईइतकं कुणी दाखवलं नसेल. पण बांधाची निम्मीच विद्या या शहराने घेतली, असं माझं ठाम मत आहे.

उरलेली निम्मी खाडीपलीकडे, रायगडच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात आहे. तिथला खारबांध खाडीतल्याच चिकण मातीची ढेकळं रचून, तुडवून उभा राहतो. लाटांच्या बाजूला दगड लावतात. खेकड्याचं एक बीळ दुर्लक्षित राहिलं तरी उधाणाच्या भरतीत तिथून पाणी झिरपू लागतं आणि बघता बघता खांड पडते. म्हणून डागडुजी दरवर्षीची. या बांधाचं मर्म मात्र त्याच्या उघाडीत, म्हणजे पाणी सोडायच्या दारात आहे. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की तिचं दार आपोआप मिटतं, ओहोटी लागली की आत साचलेल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने उघडतं. दार मिटलेलं असताना ते पाणी शेतात आणि बांधालगतच्या खोलगट जागेत थांबून राहतं. समुद्र अडवायचा तर पावसालाही वाट आणि थांबायला जागा द्यावी लागते, हे त्या रचनेत गृहीतच धरलेलं आहे.

मुंबईने समुद्र अडवला, भराव टाकला आणि पाणी थांबायच्या जागांवर इमारती बांधल्या. परळ-दादरचा हिंदमाता परिसर का तुंबत आला, याचं मोठं कारण इथे सापडतं: भाग सखल, आणि मुसळधार पावसाला भरतीची गाठ पडली की गटारांतलं पाणी समुद्रात उतरतच नाही. अखेर महापालिकेने रे रोडला ब्रिटानिया उदंचन केंद्र उभारलं, परळ-दादरच्या मैदानांखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या. भरतीला मिटणारी दारं आणि पाण्याला थांबायची जागा! खारेपाटात जे माती-लाकडात होतं, तेच आपण काँक्रीट आणि पंपांनी, कितीतरी जास्त खर्चात, नव्याने करतो आहोत.

यावर कुणी म्हणेल, मातीचे बांध फुटतात, खारं पाणी शिरलेली शेती वर्षानुवर्षं नापीक राहते. कोटीहून अधिक वस्तीचं शहर त्यांच्या भरवशावर कसं सोडायचं? खरं आहे. सरकारने १९७९ मध्ये खारभूमी विकासाचा कायदा केला तरी बांध फुटायचे थांबलेले नाहीत, आणि शिवडीला मातीचा बांध घाला असं मी सुचवतही नाही. पण पंपांनाही वीज लागते, निगा लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोकांना घरं हवीत आणि मुंबईतल्या मिठागरांची जमीन पडून आहे, असं म्हटलं जातं. घरांची गरज कोण नाकारेल? पण पावसाळ्यात ही मिठागरं पाणी साठवतात. त्यांच्यावर भराव टाकला तर तेवढं पाणी शेजारच्या वस्तीत शिरेल आणि त्यासाठी पुन्हा टाक्या खोदाव्या लागतील. तसंच शिवडीचा चिखल आणि त्याच्या काठचं तिवर लाटांचा जोर किनाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच मोडतात. त्यामुळे पूर्व किनाऱ्याचा कोणताही नवा आराखडा आखताना पाण्याच्या या जागा आधी राखाव्यात, इमारतींच्या रेषा त्यानंतर ओढाव्यात.