होहोबाची 'कॉपी'

मुलांनो, शाम्पूच्या बाटलीवर 'जोजोबा' वाचले आहे ना? खरा उच्चार होहोबा. हे ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या वाळवंटातले झुडूप. त्याच्या बीत वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. यंत्रांच्या वंगणासाठी पूर्वी स्पर्म व्हेल मारून तेल काढत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्या तेलाची आयात थांबवली आणि तशाच गुणांचे होहोबा तेल पुढे आले.

पण एक अडचण होती. पपईसारखीच होहोबाची नर-मादी झाडे वेगळी असतात. बी येते फक्त मादीला. बियांपासून लावलेली साधारण निम्मी रोपे नर निघतात, आणि पहिले फूल येईपर्यंत, म्हणजे तीन-चार वर्षे, ते कळत नाही. तोवर शेतकऱ्याने पाणी घालत राहायचे!

यावर उपाय म्हणजे टिश्यू कल्चर. भरपूर बी देणाऱ्या मादीच्या फांदीचा, डोळा असलेला छोटा तुकडा निर्जंतुक करून साखर व क्षार मिसळलेल्या जेलीवर ठेवतात. एका संप्रेरकाने कोंब फुटतात, दुसऱ्याने मुळे. मग रोपाला हळूहळू कोरड्या हवेची सवय लावतात. जळगावकडे केळीची रोपेही याच पद्धतीने तयार होतात.

आम्ही प्रोग्रामर फाइलची कॉपी करतो, तसेच हे. मात्र कॉपीत मूळची चूकही उतरते. एका झाडाला जो रोग लागेल, तो सगळ्यांना लागू शकतो. म्हणून शेतात वेगवेगळ्या माद्यांच्या कॉप्या लावाव्यात. आणि हो, वाऱ्यावर पराग सोडायला थोडे नर हवेतच!