फौजेतून घरी आल्यावर डिसॅबिलिटी पेन्शन का नाकारली जाते? आणि नाकारली तर पुढे काय?

फौजेतून बाहेर पडताना जवानाच्या हातात कागदांचा गठ्ठा पडतो. त्यात रिलीज मेडिकल बोर्डाचा अहवाल असतो. गुडघा, कंबर, कान, बीपी, शुगर, जे काही बिघडलंय ते त्यात लिहिलेलं असतं. आणि त्याच्याच पुढे एक प्रश्न असतो: हा आजार किंवा ही इजा नोकरीमुळे झाली का? झाली नसेल, तर निदान नोकरीमुळे वाढली का?

दोन्हींपैकी एकाला जरी ‘हो’ असेल तर डिसॅबिलिटी पेन्शनचा रस्ता मोकळा होतो. दोन्हींना ‘नाही’ असेल तर नेहमीची पेन्शन मिळते, पण अपंगत्वाचा एक रुपयाही मिळत नाही. मग बोर्डाने अपंगत्व २० टक्के लिहिलेलं असो की ६० टक्के.

साताऱ्याचं अपशिंगे हे गाव तर नावापुढे ‘मिलिटरी’ लावूनच ओळखलं जातं. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या पट्ट्यात घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं कमी नाहीत. तिथल्या पारावर ‘पेन्शन किती बसली’ याची चर्चा भरपूर होते. ‘बोर्डात काय लिहून आलं’ याची होत नाही. खरी गोम मात्र तिथेच आहे.

आधी पैशांचं समजून घेऊ

डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात. एक सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे केलेल्या नोकरीचा. दुसरा डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे शरीराच्या नुकसानीचा. अपंगत्व १०० टक्के असेल तर दुसरा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो. अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते.

समजा शेवटचा पगार ४०,००० रुपये होता. १०० टक्के अपंगत्वाला महिना १२,००० रुपये होतात. २० टक्क्यांना सरळ हिशोबाने २,४०० रुपये. पण इथे ‘ब्रॉड बँडिंग’ नावाचा नियम मध्ये येतो. पाचव्या वेतन आयोगानंतर सरकारने ठरवलं, की ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ मधलं ७५ धरायचं आणि ७६ च्या पुढचं १०० धरायचं. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या जवानाला २,४०० ऐवजी ६,००० रुपये. वर महागाई सवलत वेगळी.

हा फायदा सुरुवातीला फक्त मेडिकल कारणावरून मध्येच घरी पाठवलेल्यांना मिळत होता. पूर्ण नोकरी करून अपंगत्वासह निवृत्त झालेल्यांना तो द्यायला सरकार तयार नव्हतं. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हा भेद मोडून काढला.

किमान मर्यादा २० टक्क्यांची. बोर्डाने १५ टक्के लिहिलं तर पूर्ण मुदत करून निवृत्त होणाऱ्याचा दावा तिथेच थांबतो. मध्येच बोर्ड आऊट झालेल्यांसाठी २०१४ च्याच सुखविंदर सिंग निकालात कोर्टाने साधा तर्क मांडला: अपंगत्वामुळे माणसाला नोकरीतूनच काढताय, म्हणजे ते २० टक्क्यांपेक्षा जास्त आहे असंच धरावं लागेल.

दावा निवृत्तीनंतर ‘करायचा’ नसतो

अनेकांना वाटतं, घरी आल्यावर सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचा दाखला काढायचा, तो अर्जाला जोडायचा आणि पेन्शन चालू. तसं होत नाही. सिव्हिलचा दाखला एसटीच्या सवलतीला चालतो, या पेन्शनला नाही. इथे शब्द चालतो तो लष्कराच्या मेडिकल बोर्डाचा. आणि बोर्ड बसतं नोकरी संपण्याच्या आधी. निवृत्तीनंतर उद्भवलेल्या आजारासाठीही दावा करता येतो, पण त्याला वर्षांची मर्यादा आहे आणि आजाराचा नोकरीशी धागा जोडून दाखवणं तेव्हा फार कठीण जातं.

त्यामुळे बोर्डाचा फॉर्म नीट वाचण्यासारखा आहे. त्याचा पहिला भाग खुद्द जवानाच्या निवेदनाचा असतो. भरती होण्याआधी हा त्रास होता का, आणि नोकरीतल्या कोणत्या घटनांमुळे तो झाला किंवा वाढला असं तुम्हाला वाटतं, असे प्रश्न त्यात असतात. दुसऱ्या प्रश्नाची जागा खूप जण कोरी सोडतात किंवा ‘नाही’ लिहून मोकळे होतात. कारणं समजण्यासारखी आहेत. घरी जायची घाई असते. पुढे बँकेत किंवा सिक्युरिटीत नोकरी धरायची असते, मग उगाच ‘अनफिट’चा शिक्का कशाला, असं वाटतं. काहींना तर तक्रार करणंच कमीपणाचं वाटतं. पण पाच वर्षांनी अपील करायची वेळ आली, की हाच कोरा रकाना समोर ठेवला जातो.

तिथे काय लिहायचं? जे घडलं ते, तारीख आणि ठिकाणासह. ‘कंबर दुखते’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ‘अमुक साली अमुक पोस्टवर लोड घेऊन चढताना घसरलो, एमआय रूममध्ये नेलं, तीन आठवडे मिलिटरी हॉस्पिटलमध्ये होतो’ याने होतं. फॉर्ममध्ये कमांडिंग ऑफिसरचं मतही असतं, जवानाच्या ड्यूटीचं स्वरूप काय होतं, ताण किती होता याबद्दल. बहुतेक जण ते वाचतही नाहीत.

इजा असेल तर आणखी एक कागद महत्त्वाचा: इंज्युरी रिपोर्ट. गंभीर प्रकरणात कोर्ट ऑफ इन्क्वायरी होते आणि जवान त्या वेळी ड्यूटीवर होता की नाही हे तिथे नोंदलं जातं. हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. सुट्टीवर घरी निघालेला किंवा सुट्टी संपवून युनिटला परतणारा जवान प्रवासात जखमी झाला, तर तो सर्वसाधारणपणे ड्यूटीवर धरला जातो. पण गावात सुट्टी घालवत असताना गाडीवरून पडला तर? २०११ च्या जुझार सिंग प्रकरणात वार्षिक सुट्टीवर असताना रस्ता अपघातात जखमी झालेल्या जवानाचा दावा सुप्रीम कोर्टाने फेटाळला. सुट्टीवरचा जवानही जवानच असतो, पण त्या अपघाताचा लष्करी सेवेशी काही संबंध नव्हता, असं कोर्टाचं म्हणणं होतं. निकाल कठोर वाटतो, पण नियमाच्या चौकटीत तो बसतो.

भरतीच्या वेळी फिट, मग आजार आला कुठून?

इजेपेक्षा आजारांची प्रकरणं जास्त गुंतागुंतीची. मिरगी, स्किझोफ्रेनिया, बीपी, डायबेटिस. यात बोर्डाचं ठरलेलं उत्तर असतं: हा प्रकृतीचा दोष आहे, नोकरीशी संबंध नाही.

धरमवीर सिंग हे सिग्नल कोअरचे जवान. १९८५ ला भरती, १९९४ ला मिरगीमुळे बोर्ड आऊट, अपंगत्व २० टक्के. बोर्डाने लिहिलं, आजार नोकरीमुळे नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २ जुलै २०१३ ला निकाल आला. आजही या विषयातली जवळपास प्रत्येक याचिका या निकालाचा आधार घेते. कोर्टाने १९८२ च्या नियमांवरच बोट ठेवलं. भरतीच्या वेळी माणसाला तपासून फिट ठरवलं आणि कागदावर कुठल्याही आजाराची नोंद केली नाही, तर नंतर झालेला आजार नोकरीमुळे झाला असंच गृहीत धरायचं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. शंकेचा फायदा जवानाला. आणि बोर्डाला ‘संबंध नाही’ म्हणायचं असेल तर कारण लिहावं लागेल.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. स्किझोफ्रेनियाचीच दोन प्रकरणं बघा. २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात कोर्टाने दावा नाकारला. मानसिक आजार भरतीच्या शारीरिक तपासणीत दिसेलच असं नाही आणि बोर्डाच्या मतावर शंका घ्यावी असं काही समोर नाही, असं म्हटलं. २०२५ मध्ये त्याच आजाराच्या दुसऱ्या एका जवानाला पेन्शन मिळाली, कारण बोर्डाने नकाराची कारणंच दिली नव्हती. म्हणून नकार आला की पहिल्यांदा बघायचं ते हे, की बोर्डाने ‘का’ लिहिलंय की नुसतं ‘नाही’ लिहिलंय.

‘पीस स्टेशनवर असताना आजार सुरू झाला, म्हणून नोकरीमुळे नाही’ हेही असंच एक छापील उत्तर. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तीस वर्षं नोकरी केलेल्या एका माजी सुभेदाराच्या डायबेटिसच्या प्रकरणात हे कारण पुरेसं मानलं नाही. पोस्टिंग पीसमध्ये होतं म्हणून ताण नव्हता असं होत नाही. ज्यांनी युनिटमधली नोकरी जवळून पाहिली आहे त्यांना हे सांगायला कोर्ट लागत नाही, पण फाइलला लागतं.

नकाराचं पत्र आलं तर

पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत. ते रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपिलांच्या समितीकडे जातं. तिथेही नकार आला तर दुसरं अपील वरच्या समितीकडे. रेकॉर्ड ऑफिस तुमच्या रेजिमेंटचं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्टिलरीचं नाशिक रोडला. मेडिकल बोर्डाची प्रत हातात नसेल तर तिथेच माहिती अधिकारात अर्ज करून मागता येते. प्रत हातात आल्याशिवाय अपील लिहू नका. बोर्डाने काय म्हटलंय हेच माहीत नसेल तर खोडणार काय?

दोन्हीकडे नकार आला की सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे एएफटी. २००७ च्या कायद्याने ते उभं राहिलं. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. तिथेही मुदत सहा महिन्यांची, पण उशिराचं कारण पटलं तर माफी मिळते. वीस वर्षं झाली, आता काय उपयोग, असं म्हणून बरेच जण सोडून देतात. पेन्शन दर महिन्याला देय असते, त्यामुळे न मिळणं ही चालू राहणारी चूक आहे, असं सुप्रीम कोर्टाने २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात म्हटलं. उशिरा आलात तरी दावा ऐकला जाऊ शकतो. मात्र त्या निकालानुसार थकबाकी मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. उशिराची किंमत ती. सियाचीनवर ड्यूटी केलेल्या आणि १९८९ मध्ये आजारपणामुळे बाहेर पडलेल्या एका जवानाला सुप्रीम कोर्टाकडून पेन्शन मिळाली ती एप्रिल २०२५ मध्ये. मध्ये ३६ वर्षं गेली.

कागद लिहिण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मागा, त्यासाठी पैसे पडत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुमची डिसॅबिलिटी पास करून देतो’ म्हणत ‘स्पर्श’ पोर्टलचा ओटीपी मागणाऱ्याला काहीही देऊ नका.

२०२३ नंतर बाहेर पडलेल्यांसाठी

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले. जे अपंगत्व असूनही नोकरीत राहिले आणि नंतर निवृत्त झाले, त्यांना मिळणाऱ्या रकमेला आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ म्हणतात. बीपी, डायबेटिससारख्या जीवनशैलीच्या आजारांचे निकषही कडक झाले. नियमांचा गैरफायदा घेतला जात होता, ही सरकारची बाजू. काही अधिकारी सोयीने ‘लो मेडिकल’ होतात ही कुजबुज फौजेतही जुनीच आहे. पण गाळणी बारीक केली की तिच्यात आधी अडकतो तो अर्ज नीट लिहिता न येणारा शिपाई, हे माजी सैनिक संघटनांचं म्हणणंही उडवून लावता येत नाही. तुमची निवृत्ती या तारखेच्या आधीची की नंतरची, हे अपिलात आधी स्पष्ट करा. जुन्या निकालांचा आधार घेताना यानेच फरक पडतो.

अग्निवीरांचं गणित पूर्ण वेगळं आहे. त्यांना डिसॅबिलिटी पेन्शन नाही. अपंगत्व नोकरीमुळे आलं किंवा वाढलं असेल तर ५०, ७५ आणि १०० टक्क्यांच्या गटानुसार १५ लाख, २५ लाख किंवा ४४ लाख रुपये एकरकमी मिळतात. शिवाय उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवा निधी. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होत आहेत. ‘नोकरीमुळे झालं का’ हा प्रश्न त्यांच्याही बोर्डात आहे. त्यामुळे ट्रेनिंगमध्ये गुडघा दुखावलेला असेल, तर एमआय रूममधली नोंद आणि इंज्युरी रिपोर्ट झालाय का, हे आत्ताच, युनिटमध्ये असतानाच विचारून घ्या.