थोडं कमी, पण किती कमी?

मूल सकाळी उठल्याउठल्या ओकतं आणि नंतर दिवसभर बरं असतं. घरचे म्हणतात पित्त, शेजारी म्हणतात जंत. काही आठवड्यांनी चालताना त्याचा तोल जायला लागतो, तेव्हा कुठे एमआरआय होतो आणि मेड्युलोब्लास्टोमा हे नाव पहिल्यांदा कानावर पडतं. मुलांच्या मेंदूतल्या घातक गाठींमध्ये सर्वांत जास्त आढळणारी ही गाठ. ती लहान मेंदूत, मानेच्या जरा वर वाढते. १९२५ मध्ये हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली या अमेरिकी डॉक्टरांनी तिचं वर्णन केलं. मेंदूच्या शस्त्रक्रियेत कुशिंग यांचा हात त्या काळी कुणी धरू शकत नसे. तरीही त्यांच्या ६१ रुग्णांपैकी तीन वर्षांनी हयात होता तो एकच.

गाठ काढली तरी तिच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यातून पाठीच्या कण्यापर्यंत उतरलेल्या असू शकतात, आणि सर्जनची सुरी तिथे पोचत नाही. मँचेस्टरच्या ख्रिस्ती हॉस्पिटलमधल्या एडिथ पॅटरसन यांनी म्हणून संपूर्ण मेंदू आणि पाठीचा कणा, सगळ्यालाच किरण दिले. १९५३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासोबत निष्कर्ष छापले, तेव्हा तीन वर्षं जगलेल्यांचं प्रमाण ६५ टक्के होतं. या क्षेत्रातली एवढी मोठी झेप मला दुसरी माहीत नाही.

मुलं जगली, मोठी होऊ लागली आणि त्या किरणांची किंमत दिसू लागली. मागचं पाठ केलेलं ती विसरत नसत, पण नवं शिकण्याचा वेग मंदावे आणि दरवर्षी वर्गाशी अंतर वाढत जाई. वय जितकं कमी, तितकं नुकसान जास्त, कारण मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण अजून तयार होत असतं. तीन वर्षांखालच्या बाळांना म्हणूनच शक्यतो किरण देत नाहीत. कीमोवर वेळ काढतात.

इथून पुढचा सगळा इतिहास वजाबाकीचा आहे. किरणांचा डोस ग्रे या एककात मोजतात. मेंदू आणि कण्याला ३६ ग्रे ही जुनी रीत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत तो २३.४ वर आणून पाहिला, तर गाठी लवकर उलटल्या आणि चाचणी थांबवावी लागली. मग तेवढ्याच डोसाला कीमोची जोड दिली, तेव्हा कमी धोक्याच्या गटात पाच वर्षं जगणारी मुलं ८० टक्क्यांच्या आसपास गेली. पुढे तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी १८ ग्रेचा प्रयोग झाला. त्याचे निकाल २०२१ मध्ये आले आणि १८ कमी पडले. मात्र त्याच चाचणीत आणखी एक प्रश्न विचारला होता: शेवटचा जादा डोस मेंदूच्या सगळ्या मागच्या भागाला हवा, की गाठीच्या जागेपुरता चालेल? तो चालतो, असं निघालं. मेंदूचा बराच भाग त्यामुळे वाचतो.

नवी मुंबईतही ही वजाबाकी चालू आहे. मेड्युलोब्लास्टोमाच्या चार जनुकीय गटांपैकी डब्ल्यूएनटी हा सर्वांत सौम्य. त्यातली बहुतेक मुलं बरी होतात. मग त्यांच्या कण्याला किरण हवेतच कशाला? टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रातल्या डॉक्टरांनी अशा मोजक्या मुलांना गाठीच्या जागेपुरतेच किरण देऊन पाहिले. काहींमध्ये आजार मेंदू-कण्यात दुसरीकडे उगवला आणि त्यांनी चाचणी लगेच आवरली. फसलेला प्रयोग असा उघडपणे छापणं मला यशाच्या बातमीइतकंच मोलाचं वाटतं. तीच चूक आता दुसरीकडे कुणी करणार नाही.

प्रत्यक्ष किरण घेताना दुखत काहीच नाही. आधी चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लॅस्टिकची शीट दाबून साचा घेतात. रोज तोच साचा लावून डोकं टेबलाला पक्कं करतात, म्हणजे ते फारसं हलत नाही. मोठी मुलं दोनतीन दिवसांत सरावतात. चिमुकल्यांना मात्र रोज भूल द्यावी लागते, म्हणजे रोज सकाळी उपाशी ठेवणं आलं, आणि आईचा जीव त्यातच जास्त जातो. एका वेळी १.८ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस: पहिले १३ दिवस मेंदू आणि कणा, पुढचे १७ दिवस फक्त गाठीची जागा. एकूण ५४ ग्रे, सहा आठवडे. मध्ये खाडा नको. बीड-जळगावहून आलेल्या कुटुंबाला म्हणूनच डॉक्टरांइतकीच दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची किंवा सेंट ज्यूडच्या मोफत खोल्यांची गरज असते.

प्रोटॉन उपचारांची सध्या बरीच चर्चा आहे. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर आपली ऊर्जा टाकून थांबतात, त्यामुळे कण्यापुढचं हृदय, थायरॉइड, आतडी वाचतात. चेन्नईत २०१९ पासून आणि खारघरला २०२३ पासून ही सोय आहे. पण गाठ बरी होण्याची शक्यता यात वाढत नाही. फायदा आहे तो पुढच्या आयुष्यातले त्रास कमी होण्याचा. घर विकून प्रोटॉनमागे धावणाऱ्या पालकांना हे कुणीतरी आधी स्पष्ट सांगायला हवं.

उपचार संपले की तपासण्यांचं चक्र सुरू होतं. वाढीचं संप्रेरक कमी पडलं तर इंजेक्शनं, थायरॉइडच्या गोळ्या, सिस्प्लॅटिन या कीमोच्या औषधामुळे ऐकू कमी आलं तर श्रवणयंत्र. पाठीचे मणके कमी वाढल्याने बसल्यावर उंची तोकडी दिसते. परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना मिळणारा जादा वेळ या मुलांपैकी अनेकांना लागू होऊ शकतो, पण त्याचं प्रमाणपत्र वेळेत काढावं लागतं. किती ग्रे, कुठल्या भागाला, कोणत्या तारखांना हे लिहिलेला कागद तर आयुष्यभर लागतो: वीस वर्षांनी नव्या डॉक्टरकडे गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो, आणि तोवर जुनी फाइल हॉस्पिटलात सापडेलच असं नाही.