बोटीचा डेक आणि गिरणीची बॉबिन

घरातले मूल बोटीचे मॉडेल करायला बसले की पहिले दोन दिवस सर्वांना कौतुक वाटते. तिसऱ्या दिवशी ते डेकसाठी लाकूड मागू लागते आणि आईवडिलांची खरी परीक्षा सुरू होते. आमच्या घरी हेच झाले. त्यातून आम्ही जे शिकलो ते इतर पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या मुलाने शाळेच्या प्रदर्शनासाठी 'ट्रिंकोमाली' हे जहाज निवडले. ते आपल्या मुंबईच्या गोदीत बांधले गेले आणि १८१७ साली पाण्यात उतरले. इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई होती, म्हणून ते मलबारच्या सागवानाचे बांधले. जमशेटजी बोमनजी वाडिया हे तेव्हाचे मुख्य जहाजबांधणीकार. आज ते जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे आणि अजून तरंगते.

आमचे वडील पूर्वी गोदीत कामाला होते. "काय काम करत होतात?" असे कोणी विचारले तर "हमाली" एवढेच सांगून ते विषय बदलत. पण नातवाची बोट पाहून ते पुढे सरसावले. "बोट सागाची, तर डेकही सागाचाच पाहिजे," असा त्यांचा हुकूम झाला. आम्ही नाक्यावरच्या सुताराकडून सागाचे तुकडे आणले, रात्री जागून पट्ट्या काढल्या, डेकवर चिकटवल्या. सकाळी पाहतो तो डेक कसला, ओंडके अंथरल्यासारखे दिसत होते! निम्म्या पट्ट्या चिरल्या होत्या. मुलगा रडवेला झाला. प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते.

चूक कुठे झाली ते हिशेब केल्यावर कळले. मॉडेल शंभरास एक या प्रमाणात होते. म्हणजे खऱ्या जहाजावरचा एक मीटर आमच्याकडे एक सेंटिमीटर. जहाजाचा तोफांचा मजला सुमारे ४६ मीटर लांब आणि जहाज १२ मीटर रुंद, म्हणून आमचा डेक ४६ सेंटिमीटर लांब व १२ सेंटिमीटर रुंद. वीस सेंटिमीटरची फळी इथे फक्त दोन मिलिमीटरची होते. पण सागाच्या रेषा आणि छिद्रे काही शंभरपट लहान होत नाहीत! शिवाय ऊन, खारे पाणी आणि रोजची घासपूस यांनी खरा डेक पांढुरका-करडा पडतो. म्हणून लाकूड असे हवे की ज्याच्या रेषा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत आणि ज्याचा रंग फिका आहे. नाव सागाचे असण्याची गरज नाही.

परदेशातले हौशी लोक बॉक्सवुड, होली, मॅपल वापरतात. त्या तयार पट्ट्या आमच्या खिशाला परवडणाऱ्या नव्हत्या. मग आम्ही घरातल्या वस्तू तपासल्या. काडेपेटीच्या काड्या स्वस्त, पण आखूड आणि ठिसूळ. आइस्क्रीमच्या काड्यांचे लाकूड चांगले, पण त्या जाड; सरळ चिरता चिरता बोटे कापतात. झाडूच्या आणि बांबूच्या काड्यांचे धागे निघतात.

शेवटी उपयोगी पडले ते विनियर, म्हणजे फर्निचरवर चिकटवतात तो लाकडाचा पातळ पापुद्रा. मॅपल किंवा बीचचे, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे. फर्निचरवाल्या सुताराकडे त्याचे कपटे पडलेले असतात; गोड बोलून मागितले तर तो देतो. लोखंडी पट्टी आणि नवे ब्लेड घेऊन रेषेच्या दिशेनेच कापावे. आम्ही आठ सेंटिमीटर लांबीच्या सुमारे तीनशे पट्ट्या कापल्या.

मधली जाड फळी मात्र वेगळ्या लाकडाची आहे. आमच्या शेजारच्या काकांनी १९८२ च्या संपानंतर गिरणीतली एक बॉबिन जपून ठेवली होती. बॉबिनी पुष्कळदा हळदूच्या लाकडाच्या असत. हे लाकूड पिवळसर, घट्ट आणि बारीक रेषांचे असते. काकांनी स्वतः ती बॉबिन आमच्या हातात दिली. "कपाटात पडून काय करायची?" म्हणाले. कापताना आमचाच हात कापत होता. (चन्नपटणाची खेळणी ज्या काळ्या कुड्याची होतात, तेही असेच गुळगुळीत लाकूड. मिळाल्यास जरूर वापरावे.)

आता जोडणी. वीस पट्ट्या एकत्र धरून त्यांच्या एका कडेला मऊ पेन्सिल घासावी. चिकटवल्यावर फळ्यांमध्ये काळी रेघ दिसते. मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जावे. सांधे शेजारी शेजारी येऊ नयेत म्हणून पहिली ओळ आठ सेंटिमीटरच्या तुकड्याने सुरू करावी, दुसरी चारच्या, तिसरी सहाच्या, चौथी दोनच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून. फेव्हिकॉल अगदी पातळ लावावा, नाहीतर विनियर फुगते. वर वही व वहीवर पाटा ठेवावा. खिळे दाखवू नयेत. या प्रमाणात ते टाचणीच्या टोकाहूनही लहान होतात. चकचकीत पॉलिशही नको.

काम संपल्यावर वडिलांनी डेकवरून बोट फिरवले. त्यांना आता नीट दिसत नाही. "फटी भरल्या का रे?" त्यांनी विचारले. नातवाने पेन्सिलची गोष्ट सांगितली. तेव्हा ते प्रथमच बोलले. लाकडी पडावांच्या फटींत जुन्या दोरांचे डांबरी तंतू छिन्नीने ठोकून वर तापलेले डांबर ओतायचे, हे त्यांचे काम. "एक फट राहिली तर माल भिजायचा, माणसं बुडायची," ते म्हणाले. आम्ही मग त्यांना सांगितले की इंग्लंडमध्ये एकेकाळी हेच तंतू काढण्यासाठी कैद्यांना आणि आश्रयगृहातल्या गरिबांना जुने दोर बोटांनी उकलायला लावत. वडील आपल्या बोटांकडे पाहत राहिले.

प्रदर्शनात बोटीपुढच्या पाटीवर मुलाने जहाजाचे नाव, साल आणि वाडियांचे नाव लिहिले. खाली आणखी एक ओळ लिहिली: 'फटी कशा भरतात ते माझ्या आजोबांनी सांगितले.' नंबर तिसरा आला. वडिलांनी ती पाटी मागून घेतली आणि आपल्या ट्रंकेत ठेवली.

तेव्हा पालकहो, मुलाने लाकूड मागितले तर दुकानात धावण्याआधी घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा. सुताराचे कपटे, गिरणीची बॉबिन किंवा हाताचे कसब, यांपैकी काहीतरी नक्की निघेल.